कानांचं वय : रॅप ऐकणाऱ्यांच्या पिढ्यांविषयी

२०१६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या 'हॉट ९७' या रेडिओ केंद्रावर एक छोटा प्रसंग घडला. फिलाडेल्फियाहून आलेला लिल उझी व्हर्ट हा विशीतला रॅपर सकाळच्या कार्यक्रमात पाहुणा होता. अशा कार्यक्रमात निवेदक आयत्या वेळी एखादी बीट लावतात आणि पाहुण्याने तिच्यावर चार ओळी म्हणून दाखवायच्या, असा जुना रिवाज आहे. त्या दिवशी बीट लागली ती डीजे प्रीमियरची, 'गँग स्टार' या जोडीच्या 'मास अपील' या गाण्याची, १९९४ सालची. पाहुण्याने साफ नकार दिला. या बीटवर मी म्हणणार नाही, म्हणजे नाही. पुढे कितीतरी दिवस चाळिशीतले चाहते संतापून बोलत होते. प्रीमियरच्या बीटला नाही म्हणणं त्यांच्या लेखी देवळात चपला घालून जाण्यासारखं होतं. आणि विशीतल्यांना कळेना की आपल्या जन्माच्या आगेमागे निघालेल्या ठेक्यावर आज कुणी का म्हणावं.

हा प्रसंग सांगताना बहुतेक जण उद्धटपणा आणि आदर यांवर थांबतात. मला त्यातलं संगीत अधिक महत्त्वाचं वाटतं. 'मास अपील'ची बीट कानाशी धरून ऐकावी. व्हिक ज्युरिस या जाझ गिटारवादकाच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणातले मोजके सूर उचलून ते पुन्हा पुन्हा फिरवले आहेत. खाली कोरडा, खणखणीत ड्रम. बस्स. मध्ये भरपूर मोकळी जागा ठेवलेली आहे, आणि ती शब्दांसाठी आहे. जोडीतला रॅपर गुरू याचा संथ, एकाच पट्टीतला आवाज त्या जागेत एकेक शब्द नीट मांडत जातो. उलट लिल उझी व्हर्टच्या गाण्यांत आवाज बीटमध्ये विरघळलेला असतो. तो अर्धा गातो, अर्धा हाका मारतो, शब्दाचं शेपूट ओढून त्याची धून करतो. अशा आवाजाला प्रीमियरच्या कोरड्या ठेक्यावर धरायला काही नाही. नकारात उर्मटपणा असेलही, पण त्याला सांगीतिक कारण होतं, आणि ते कुणी फारसं बोललं नाही.

पुढच्या पानांतले लेख रॅपरांपेक्षा रॅप ऐकणाऱ्यांविषयी आहेत. वडील आणि मुलगा, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ, शिक्षक आणि विद्यार्थी एकाच गाण्यापाशी येऊन वेगवेगळे का होतात, हा त्यांचा विषय. पिढ्या वेगवेगळी गाणी ऐकतात हे आपल्याला ठाऊकच असतं. माझं म्हणणं एक पायरी पुढचं आहे. पिढ्या गाण्यात वेगवेगळी गोष्ट शोधत असतात. कुणी शब्द शोधतं, कुणी ठेका, कुणी आवाजाचा पोत. ही शोधायची गोष्ट साधारण कुमारवयात ठरते आणि मग माणूस तिलाच 'खरं रॅप' म्हणू लागतो.

या 'खऱ्या'चा इतिहास तपासला की गंमतशीर उलटापालट दिसते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावर सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी एक पार्टी ठेवली. कपड्यांसाठी चार पैसे जमवायचे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्डी वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला, बारा वर्षांचा असताना अमेरिकेत आलेला, त्या वेळी अठरा वर्षांचा. नाचणारी पोरं गाण्यातल्या एका विशिष्ट जागेची वाट बघतात हे त्याने हेरलं होतं. बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसता ड्रम उरतो, ती जागा. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो ती जागा लांबवू लागला. एक संपली की दुसरी, तोवर पहिली मागे फिरवायची. त्याचा मित्र कोक ला रॉक माइकवरून ओळखीच्यांची नावं पुकारायचा, दोन-चार जुळत्या ओळी टाकायचा. शब्दांचं काम एवढंच. हिप-हॉपची पहिली पिढी पायांनी ऐकणारी होती.

सहा वर्षांनी, १९७९ मध्ये, 'रॅपर्स डिलाइट' हे गाणं आलं आणि या कलेतली 'हे काही खरं नव्हे' ही तक्रार पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आली. गाणं गाणारे तिघे न्यू जर्सीत जमवलेले. ब्राँक्सच्या पार्ट्यांत त्यांचं नाव नव्हतं. त्यातल्या एकाने ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या ओळी जशाच्या तशा म्हटल्या होत्या. जुन्या मंडळींना मुळात रात्रभर चालणारी पार्टी रेकॉर्डवर कशी मावेल हेच कळत नव्हतं. 'पब्लिक एनिमी'च्या चक डीने पुढे सांगितलंय की हिप-हॉपची रेकॉर्ड निघू शकते ही कल्पनाच त्याला तेव्हा शिवली नव्हती. आणि ही रेकॉर्ड काढली कुणी? सिल्व्हिया रॉबिन्सनने. ती तेव्हा चाळिशी ओलांडलेली, १९५० च्या दशकात स्वतः लोकप्रिय गायिका असलेली, तीन मुलांची आई. तरुणांचं म्हणून ओळखलं जाणारं हे संगीत घराघरांत पोचवलं ते आधीच्या पिढीतल्या एका बाईने. रॅपविषयी बोलताना तिचं नाव जितक्या आदराने घ्यायला हवं तितकं घेतलं जात नाही.

पिढी म्हटलं की आपल्या मनात वीस-पंचवीस वर्षांचं अंतर येतं. रॅपमध्ये पाच-सहा वर्षं पुरतात. १९८७ साली कूल मो डीच्या आल्बमचं मुखपृष्ठ आलं. त्यावर पुढे तो स्वतः उभा आणि मागे जीपच्या चाकाखाली चिरडलेली लाल कँगोल टोपी. ती टोपी एलएल कूल जेची ओळख होती. नवं पोरगं आपली शैली घेऊन आपल्यालाच विसरलं, असा मो डीचा राग. दोघांच्या वयात जेमतेम साडेपाच वर्षांचं अंतर होतं, पण मधल्या काळात पार्टीच्या जागी रेकॉर्ड आली होती, 'रन-डीएमसी' येऊन गेले होते, आणि ऐकणारा माणूस सभागृहातून उठून स्वतःच्या वॉकमनमध्ये जाऊन बसला होता.

याच सुमारास शब्दांचं राज्य सुरू झालं. १९८७ च्या 'पेड इन फुल'मध्ये रकीमने ओळीच्या टोकाला येणारं यमक ओळीच्या पोटात नेलं. एका ओळीत तीन-चार ठिकाणी आवाज जुळायचे, वाक्य एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वाहायचं. तो सॅक्सोफोन वाजवायचा, कोल्ट्रेन ऐकून वाढला होता, आणि ते त्याच्या श्वासाच्या जागांवरून कळतं. मग १९९४ मध्ये वीस वर्षांच्या नासचा 'इलमॅटिक' आला. ही गाणी हेडफोन लावून, मागे-पुढे करत, मुखपृष्ठावरचं बारीक छापील वाचत ऐकण्याची होती. १९८८ ते १९९६ या काळात जे चौदा-पंधरा वर्षांचे होते त्यांच्यासाठी रॅप म्हणजे शब्द, हे कायमचं ठरून गेलं. 'सुवर्णकाळ' हा शब्द याच पिढीचा. या काळातली कामं थोर आहेत, मला ती प्राणप्रिय आहेत. पण शब्द हाच रॅपचा प्राण, ही व्याख्या मधल्या एका पिढीने केलेली आहे. तिच्या आधीचे नाचत होते आणि नंतरचे आणखी तिसरंच काही करताहेत.

मराठी वाचक या वादात पहिल्या झटक्यात नव्वदीच्या चाहत्यांच्या बाजूला जाऊन बसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. आपले कान भावगीताने घडवले. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' असं पुस्तकच लिहून ठेवलंय, आणि शब्द कळला नाही तर गाणं फुकट गेलं असं मानणाऱ्या घरांत आपण वाढलो. पण त्याच घरांत किशोरीताईंचा भूपही लागत होता. तिथे बंदिशीचे बोल सुरुवातीला एकदा कळले की पुरे. पुढे आकार, मींड आणि श्वास. कुणी म्हणालं नाही की बाई शब्द खातात. शब्दाला बाजूला सारून आवाजाकडे कसं ऐकायचं हे मराठी श्रोत्याला चांगलं अवगत आहे. फ्यूचर किंवा यंग ठग यांच्यासारखे नवे रॅपर ऐकताना तो कान लावून बघावा, एवढीच या प्रस्तावनेची विनंती आहे. तिथे एकेका अक्षरावर आवाज किती रंग बदलतो, रडण्याच्या कडेला जाऊन कसा परत येतो, हे मग ऐकू यायला लागतं. 'मिगोस'च्या २०१३ च्या 'व्हर्साची'पासून सगळीकडे पसरलेली ती तीन-तीनची उडती म्हणणी तर तिस्र जातीची लयकारी अंगात असलेल्या कोणाही तबलजीला क्षणात ओळखू येईल.

कुमारवयाच्या या पकडीवर थोडं संशोधन झालं आहे. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ साली दाखवलं की माणसाला सर्वांत आवडणारी गाणी बहुधा तो विशीच्या पूर्वार्धात असतानाची असतात. २०१८ मध्ये सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी स्पॉटिफायवरच्या ऐकण्याच्या नोंदी तपासल्या आणि हे वय आणखी खाली आणलं: पुरुषांच्या बाबतीत साधारण चौदा, स्त्रियांच्या बाबतीत तेरा. या दोन अभ्यासांचे आकडे जुळत नाहीत, कारण प्रश्न आणि पद्धत दोन्ही वेगळे होते. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१३ मधला कॅरोल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांचा अभ्यास. त्यांनी विशीतल्या मुलामुलींना वेगवेगळ्या दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली. आपल्या काळातल्या गाण्यांशी त्यांच्या आठवणी बांधलेल्या निघाल्या, हे अपेक्षितच. पण आई-वडील तरुण असतानाच्या गाण्यांपाशीही आठवणींचा एक स्पष्ट उंचवटा सापडला, आणि त्याच्याही मागे, साठच्या दशकापाशी, आणखी एक. घरात जे वाजत राहतं तेही मुलांच्या कानांत घर करतं.

रॅप हे या उंचवट्यावरच उभं राहिलेलं संगीत आहे. जेम्स ब्राउनचं 'फंकी ड्रमर' हे गाणं १९७० मध्ये आलं. त्यात एका जागी ब्राउन बाकीच्यांना थांबवतो आणि क्लाइड स्टबलफील्ड एकटा ड्रम वाजवतो. अवघे काही सेकंद. उजवा हात हाय-हॅटवर सोळा मात्रांची बारीक वीण घालत असतो आणि डावा हात स्नेअरवर मुख्य ठोक्यांच्या मध्ये इतक्या हलक्या टिचक्या मारत असतो की त्या आहेत असं आधी जाणवतच नाही. त्या काढून टाकल्या तरच ठेका मेला हे कळतं. हा तुकडा ऐंशीच्या दशकातल्या पोरांनी घरातल्या रेकॉर्डींच्या खोक्यांतून उपसून काढला आणि तो हजाराहून अधिक गाण्यांत गेला. 'पब्लिक एनिमी'ने वापरला, एलएल कूल जेने वापरला. स्टबलफील्डला त्या दिवसाच्या वादनाचे पैसे सोडता त्यातून काही मिळालं नाही. २०१७ मध्ये तो वारला. ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं अशा दोन-तीन पिढ्या त्याच्या मनगटावर नाचल्या. रॅपच्या चाहत्यांना पूर्वसूरींची कदर नाही असं म्हणणाऱ्यांनी आणि त्या पूर्वसूरींना एक पैही न देणाऱ्यांनी, दोघांनीही हे लक्षात ठेवायला हवं.

पैशांचा प्रश्न न्यायालयात गेला तो दुसऱ्याच गाण्यावरून. १९९१ च्या डिसेंबरात बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात, गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल, न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या चोरी न करण्याच्या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची किंमत मोजणं भाग पडलं. एका गाण्यात वीस-वीस तुकडे रचणं मोठ्या कंपन्यांनाही जड जाऊ लागलं. डॉ. ड्रेच्या १९९२ च्या 'द क्रॉनिक'मध्ये जुन्या फंकच्या धुनी पुष्कळ ठिकाणी वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेल्या आहेत, आणि त्या आल्बमचा तो लुसलुशीत, सावकाश आवाज काही अंशी तिथून येतो. पुढे बीट यंत्रावर शून्यातून रचण्याकडे कल वाढला. म्हणजे १९९० च्या आणि २०१० च्या चाहत्याचे कान वेगळे होण्यात एका निकालपत्राचाही वाटा आहे. आवडीनिवडीला असली रुक्ष कारणंही असतात. गाणी आखूड होण्याचं कारणही असंच. 'रॅपर्स डिलाइट'ची मूळ आवृत्ती चौदा मिनिटांहून मोठी होती, कारण ती पार्टीत वाजायची होती. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एकदा ऐकल्याची नोंद होते; मग सहा मिनिटांच्या गाण्यात काय लाभ? २०१९ मध्ये गाजलेलं लिल नास एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' मूळ रूपात दोन मिनिटांचंही नव्हतं. त्याची बीट नेदरलँड्समधल्या एका तरुणाकडून ३० डॉलरला घेतलेली होती, आणि तिच्यातला बँजो 'नाइन इंच नेल्स'च्या २००८ च्या आल्बममधून उचललेला. म्हणजे सवय मोडलेली नाही. फक्त खोकं बदललं.

आई-बापांच्या रेकॉर्डींची ही गोष्ट काही ठिकाणी थेट नात्याची गोष्ट होते. 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'च्या १९९१ च्या 'द लो एंड थिअरी'मध्ये पहिल्याच गाण्यात क्यू-टिप सांगतो की त्याच्या वडिलांना हिप-हॉप ऐकून आपल्या तरुणपणचं बीबॉप आठवायचं. आणि त्याच आल्बमवर रॉन कार्टर डबल बास वाजवतो. हा साठच्या दशकात माइल्स डेव्हिसच्या पंचकात वाजवणारा माणूस, तेव्हा चौपन्न वर्षांचा. शेजारी विशीतली पोरं. कार्टरच्या बासचे लांब, लाकडी सूर त्या ड्रमखाली इतके स्वाभाविक बसलेत की कोण कुणाच्या काळात आलं ते सांगता येत नाही. नासच्या 'इलमॅटिक'वर कॉर्नेट वाजवतात ते त्याचे वडील, जाझ वादक ओलू दारा. ज्या आल्बमची शपथ घेऊन जुने चाहते नव्यांना झापतात, त्यात बाप-लेक एकत्र आहेत. नासने स्वतः २००६ मध्ये आल्बमच्या शीर्षकातच हिप-हॉप मेल्याचं जाहीर केलं होतं आणि दक्षिणेतले अनेक रॅपर त्यावर दुखावले होते. त्यांना वाटलं, आम्ही पुढे आलो म्हणून न्यूयॉर्कवाल्यांना मयत दिसू लागलं. त्या वाटण्यात तथ्य होतं. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या 'आउटकास्ट'ची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. पिढीचा वाद म्हणून जे समोर येतं त्यात पुष्कळदा गावांचा वाद मिसळलेला असतो.

आवाज यंत्रातून काढण्याच्या बाबतीतही असंच झालं. २००८ मध्ये, आई गेल्यानंतरच्या वर्षी, कान्ये वेस्टने '८०८ज अँड हार्टब्रेक' हा आल्बम ऑटो-ट्यून लावून गात काढला. त्याच्या अनेक जुन्या चाहत्यांना तो झेपला नाही. पुढच्याच वर्षी जे-झीने ऑटो-ट्यूनची मृत्युवार्ता देणारं गाणं केलं. मृत्यू झाला नाही. त्या वेळी जे चौदा वर्षांचे होते त्यांना यंत्रातून आलेला तो थंड, एकाकी आवाज आपल्याच खोलीतला वाटला, आणि पुढच्या दशकाचं रॅप त्यांनी केलं. २०१७ अखेर नील्सनच्या नोंदींनुसार अमेरिकेत हिप-हॉप आणि आर अँड बी मिळून रॉकच्या पुढे गेले होते, ते या गाणाऱ्या रॅपच्याच बळावर बऱ्याच अंशी.

आता एका गोष्टीत मला सावध राहायचं आहे. वडीलधाऱ्यांची प्रत्येक हरकत 'त्यांना कळत नाही' म्हणून निकालात काढता येत नाही. सी. डेलोरेस टकर या १९२७ साली जन्मलेल्या, सेल्मामध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर चाललेल्या बाई. नव्वदच्या दशकात त्यांनी रॅपमधल्या स्त्रियांविषयीच्या भाषेविरुद्ध उघड लढा दिला, टाइम वॉर्नरच्या भागधारकांच्या सभेत उभं राहून जाब विचारला, आणि १९९५ मध्ये त्या कंपनीने इंटरस्कोप या रेकॉर्ड कंपनीतला आपला वाटा विकला. चाहत्यांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली. रॅपरांनी गाण्यांत नाव घेऊन शिव्या दिल्या. बंदीची त्यांची वाट मला मान्य नाही. पण प्रश्न खरा होता, आणि तो वयाचा नव्हता याचा पुरावा नऊ वर्षांनी मिळाला. २००४ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी नेलीच्या एका व्हिडिओवर आक्षेप घेतला. नेली तिथे अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीसाठी येणार होता, त्याची स्वतःची बहीण रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होती. मुली म्हणाल्या, नोंदणी करू, पण त्या व्हिडिओविषयीही समोरासमोर बोलू. कार्यक्रम रद्द झाला. या मुली त्याच्या श्रोत्यांच्याच वयाच्या होत्या, त्याच गाण्यांवर नाचलेल्या. रॅपवर प्रेम करणाऱ्या बाईला एकाच गाण्यात दोनदा ऐकावं लागतं, एकदा ठेक्यासाठी आणि एकदा स्वतःविषयी काय म्हटलंय त्यासाठी. १९८४ मध्ये चौदा वर्षांच्या रॉक्सॅन शांतेने याच गोष्टीला माइकवरून उत्तर दिलं होतं, आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीतल्या बायका ते देत आल्या आहेत. चाहत्यांच्या आवडीवर लिहिणाऱ्यांनी हा धागा फार काळ तळटीपेत ठेवला.

चाहत्यांबरोबर रॅपरही म्हातारे होतात, हे आता पहिल्यांदाच दिसतंय. जे-झीने २०१७ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, '४:४४'वर बायकोची माफी मागितली, आईच्या गुपिताविषयी बोलला. असे आल्बम विशीत ऐकून कळणारे नाहीत. आउटकास्टच्या आंद्रे ३००० ने २०२३ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रॅप नसलेला, बासरीचा आल्बम काढला. या वयात आपण रॅपमध्ये सांगायचं काय, डोळे आणि तपासण्या यांविषयी का, अशा अर्थाचं तो मुलाखतीत बोलला. मला वाटतं, डोळे आणि तपासण्यांविषयीचं रॅप ऐकायला आज लाखो श्रोते तयार आहेत. त्यांच्या वयाचं कुणी म्हणत नाही, म्हणून तर ते १९९४ मध्ये परत जातात.

मुंबईत हे घड्याळ वेगळ्या वेळेला लागलं. अंधेरीच्या डिव्हाइनने सांगितलंय की शाळेतल्या मित्राच्या अंगावरचा '५० सेंट' या रॅपरचा टी-शर्ट बघून तो या वाटेला लागला. कुर्ल्याच्या नेझीची सुरुवात शॉन पॉलची गाणी पाठ करण्यापासून झाली. म्हणजे त्यांचं जुनं, मूळ, पवित्र असं जे काही आहे ते २००३-०५ चं. रकीम त्यांच्याकडे नंतर आला, उलट्या पावलांनी. २०१४ मध्ये आयपॅडवर चित्रित केलेलं नेझीचं 'आफत', २०१५ मध्ये दोघांचं 'मेरे गली में', आणि २०१९ मध्ये झोया अख्तरचा 'गली बॉय', ज्याच्या निर्मात्यांच्या यादीत कार्यकारी निर्माता म्हणून नासचं नाव होतं. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या वस्तीतला नास मधल्या पंचवीस वर्षांत अशा रीतीने कुर्ल्यापर्यंत आला. ज्या मराठी घरांत रॅप म्हणजे बाबा सहगलचं 'ठंडा ठंडा पानी' एवढीच ओळख होती, तिथले आई-वडील या सिनेमामुळे पहिल्यांदा मुलाच्या शेजारी बसून रॅप ऐकत होते.

याच सुमारास मराठीतही बरंच घडत होतं. धारावीचे 'डोपॅडेलिक्झ' तमिळ, हिंदी, मराठी अशा गल्लीतल्या सगळ्या भाषांत म्हणत होते. 'स्वदेशी'च्या मंडळींनी आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर यांच्यासोबत 'द वारली रिव्होल्ट' केलं, आणि एमसी मवालीची मराठी त्यात शाहिरीच्या इतक्या जवळून जाते की अमर शेख, अण्णा भाऊ ऐकून वाढलेल्या माणसाला ते परकं वाटण्याचं कारण नाही. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात प्रतिपक्षाला आयत्या वेळी पेचात पकडणाऱ्या शाहिरांचा फड ज्यांनी बघितलाय, त्यांना रॅप बॅटल समजावून सांगायला नको. तरी शाहिरीचा श्रोता आणि रॅपचा श्रोता एकमेकांना भेटत नाहीत. गल्लीतली पहिली पिढी आता पस्तिशीकडे गेली आहे, आणि रील्सवरच्या तीस सेकंदांच्या ड्रिल रॅपवर वाढलेल्या पोरांना ती 'शब्द कुठायत रे तुमच्यात?' म्हणून विचारू लागली आहे. ब्राँक्सला जो वाद सहा वर्षांत सुरू झाला, तो इथेही फार थांबला नाही.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र उणी आहे, आणि तिच्याविषयी मला खरी काळजी वाटते. अमेरिकेतल्या पोरांना घरात रेकॉर्डींची खोकी सापडली. आपल्या घरांत कॅसेटी होत्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, वामनदादा कर्डकांची गाणी, जयंतीच्या रात्री मंडळाने रेकॉर्ड करून घेतलेले सामने, गावोगावच्या गायन पार्ट्यांचे फड. त्यातलं पुष्कळसं कधीच कंपनीच्या यादीत आलं नाही. ते फक्त त्या त्या कॅसेटवर आहे, आणि घर रंगवायला काढलं की भंगारात जातं. गली रॅपची पहिली ध्वनिमुद्रणंही जुन्या फोनमध्ये आणि बंद पडलेल्या खात्यांत अडकून नाहीशी होत आहेत. हे पुस्तक हातात घेणाऱ्या थोरल्या वाचकांच्या घरी माळ्यावर असा एखादा डबा असेल, तर तो खाली काढून ठेवावा. टेपवर कुणाचा आवाज आहे, साल कोणतं, गाव कोणतं, ढोलकीवर कोण, एवढं कागदावर लिहून त्यात घालावं. घरातल्या पोराला त्यातला ढोलकीचा चार सेकंदांचा तुकडा हवा असेल, तर तो त्याला घेऊ द्यावा, आणि वाजवणाऱ्याचं नाव गाण्याखाली लिहायला लावावं.